इंगवले साहेबांचा शेवटचा हुकूम

पहिल्यांदा मी त्यांना पाहिलं ते चपलांच्या गराड्यात. सिंगापूरच्या मराठी मंडळाच्या गणपतीला आम्ही एका कम्युनिटी क्लबचा हॉल घ्यायचो आणि त्या हॉलच्या दाराशी दरवर्षी चपलांचा असा काही राडा व्हायचा की गणपतीच्या आधी आपल्या समाजाचंच दर्शन घडायचं. त्या वर्षी मी ऑफिसमधून थेट आरतीला पोचले, तर दाराबाहेर सगळ्या चपला-बूट ओळीत. नुसते ओळीत नव्हे, मोठे मागे, बायकांचे मध्ये, पोरांचे पुढे, आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. पन्नाशीचा एक उंच माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गुडघ्यावर बसून कुणाच्या तरी चिमुकल्या सँडलचा दुसरा पाय शोधत होता. माझ्या मुलीने सवयीप्रमाणे बूट भिरकावले, तर त्यांनी मान वर न करता, अगदी शांतपणे, तिला ते परत घालून नीट काढायला लावले. "ममा, दॅट अंकल सो स्ट्रिक्ट लाह," ती आत जाताना पुटपुटली. मला मात्र त्या माणसाचा त्याच क्षणी लोभ जडला. सिंगापूरमध्ये इतकी वर्षं राहून माझ्या पोरीला बूट नीट काढायला लावणारा तो पहिला मराठी माणूस.

ते सुभेदार महादेव इंगवले. माणदेशाकडचे. फौजेत अठ्ठावीस-तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. प्रसादाच्या वेळी त्यांनी मला गाव विचारलं. मी पुणे म्हटलं. "मॅडम, पुणं हे पोस्टिंग झालं. गाव सांगा." मग मी मुकाट्याने ओतूर सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'ओतूर मॅडम' झाले. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ती त्यांची जुनी खोड. त्यांच्या कंपनीत जाधव, पवार, शिंदे इतके, की एका नावाने हाक मारली की आठ माना वळायच्या. म्हणून ते प्रत्येकाला गावाने हाक मारत. त्यांच्याबरोबर त्या दिवशी दहा-बारा जण होते, सगळे त्यांच्याच पलटणीतून सुटलेले, चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे, आणि त्यांच्यात कुणी खटाव होता, कुणी जत, कुणी आटपाडी. हवालदार तानाजी शेडगे नावाचा एक गप्प, रुंद खांद्यांचा माणूस होता, तो 'वडूज'.

हे सगळे सिंगापूरला विद्यार्थी म्हणून आले होते. ऐकून मला हसूच आलं होतं. कपाळावर टोपीचा पट्टा उमटलेले, गुडघे दुखणारे, पोरं कॉलेजात असलेले विद्यार्थी! पण त्यामागचं सांगितलं तर हसू येणार नाही. फौजेतला साधा जवान फार लवकर सुटतो. हातपाय धड असतात, घरची जबाबदारी ऐन भरात असते, आणि बाहेर त्याला कुणी विचारलं तर सांगायला हातात फक्त बंदुकीचा अनुभव. बहुतेकांच्या नशिबी मग कुठल्या तरी सोसायटीच्या फाटकावरची खुर्ची. ती टळावी म्हणून माजी सैनिकांच्या कल्याण बोर्डाकडून शिक्षणासाठी एक मदत मिळायची. कोर्सची फी, राहणं, सगळं. परदेशी कोर्सलाही चालायची. अट एकच, आयुष्यात एकदा. घेतली की संपली, मग कोर्स पुरा होवो न होवो.

इंगवले साहेबांना या एकदाच्या संधीची भारी काळजी होती. आपली पोरं ती कुठल्या तरी कॉम्प्युटर क्लासवर उधळतील म्हणून ते जिवाचं रान करून चांगला कोर्स शोधत होते. तेवढ्यात कुणा एजंटाने त्यांना सिंगापूरच्या एका खासगी संस्थेची माहिती दिली. शिपयार्डातल्या सुरक्षेचा डिप्लोमा. सहा महिने वर्ग, मग तुआसच्या शिपयार्डात प्रत्यक्ष काम, आणि मग तिथेच सेफ्टी सुपरवायझरची नोकरी. पोरं म्हणाली, साहेब, तुम्ही सांगाल तसं. साहेब म्हणाले, "आसं न्हाई. पुढं मी हाय. मी बघून येतो, मग तुमी मागनं या."

हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढं मी हाय. बर्फात रस्ता शोधायचा असो की कँटीनमध्ये नवा स्वयंपाकी आला असो, आधी पाऊल साहेबांचं आणि आधी घास साहेबांचा. त्याप्रमाणे ते स्वतःची मदत खर्चून एकटेच पहिल्या तुकडीत दाखल झाले. आणि त्यांनी त्या शाळेची जी तपासणी केली, ती त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितली होती. राहायच्या जागेचे संडास पाहिले. पाण्याची टाकी झाकण उघडून पाहिली. स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखली. ढेकूण आहेत का म्हणून गाद्या उलट्या केल्या. शाळावाल्यांनी त्यांना बसने तुआसला नेलं, एका यार्डाच्या फाटकाशी उभं केलं, हेल्मेट घातलेल्या कुणीतरी हात मिळवला. साहेबांनी परत येऊन आपल्या पोरांना फोन केले, सगळं चोख हाय, नोकरी पक्की हाय, या. बाई गं, एक सुभेदार जे जे तपासू शकतो ते सगळं त्या माणसाने तपासलं होतं. त्या डिप्लोमाला यार्डात कुणी विचारतं का, एवढंच तेवढं राहिलं.

शाळेलाही असा माणूस हवाच होता. त्यांनी साहेबांना 'स्टुडंट लायझन ऑफिसर' केलं, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांशी शाळेच्या वतीने बोलणारा माणूस. शाळेचं बोधचिन्ह असलेला टाय दिला, नावाची कार्डं छापून दिली. आणलेल्या प्रत्येक माणसामागे काही देऊही केलं होतं, तर साहेबांनी ते असं काही झिडकारलं की पुन्हा कुणी विषय काढला नाही. कार्डं मात्र त्यांना मनापासून आवडली. मलाही एक दिलं होतं, दोन्ही हातांनी, चिनी लोक देतात तसं.

मी तेव्हा हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीत होते. जहाजांवर माणसं नेमायचं काम, म्हणजे दिवसभर सर्टिफिकिटंच तपासायची. साहेबांनी तो डिप्लोमा मला आधी दाखवला असता तर मी एका मिनिटात सांगितलं असतं. पण त्यांना कशाला वाटेल बाईमाणसाला विचारावंसं! ते माझ्याकडे आले तेव्हा शाळेचं शटर पडलेलं होतं.

शाळा एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या चौथ्या मजल्यावर होती. खाली मोबाइलची दुकानं आणि फूट मसाज, वर ही विद्या. त्या काळात सरकारने खासगी शाळांची छाननी सुरू केली होती आणि अशी दुकानं पटापट बंद होत होती. एका सोमवारी पोरं वर्गाला गेली तर दाराला साखळी. मालक गायब, फोन बंद, शिकवणारे हात वर करून मोकळे. आठवड्याभरात स्टुडंट पास, म्हणजे राहण्याचे परवाने, रद्द होत असल्याचं कळलं. मग एका दुपारी आमच्या रिसेप्शनवरची मुलगी सांगत आली, की बाहेर कुणी एक माणूस आलाय, बसा म्हटलं तरी बसत नाहीये.

मी बाहेर गेले. इस्त्री तशीच, दाढी घोटलेली, पण चेहरा राख. मी त्यांना खाली कॉफीला नेलं. पहिल्या तुकडीला मिळालेला तो डिप्लोमा त्यांनी काढून माझ्यापुढे ठेवला आणि याला तुआसमध्ये काही किंमत आहे का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. तुआसमध्ये नाही, समुद्रापलीकडे इंडोनेशियातल्या बाटमच्या यार्डांत नाही, कुठेच नाही. मी काही गोड बोलणारी बाई नाही, आणि तेव्हा गोड बोलून उपयोगही नव्हता. त्यांनी डिप्लोमाची घडी घातली. समोरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटत होती.

"माझं सोडा," ते म्हणाले. "मी येडा, मी गेलो. पण ह्यांची एकच गोळी हुती मॅडम, ती मी हवेत उडवली."

त्यानंतरचे दीड-दोन महिने त्या माणसाने एकाच गोष्टीचा ध्यास घेतला. फी बुडाली ती बुडाली, तिच्यावर त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. पण पोरांची ती एकदाची मदत त्यांच्या नावावर पुन्हा उभी राहिली पाहिजे, न वापरल्यासारखी. त्यासाठी ते आपल्या वकिलातीत, हाय कमिशनमध्ये, गेले, इमिग्रेशनमध्ये रांगा लावून सगळ्यांना थोडी मुदत मिळवली, बोर्डाला फोन करून करून तिथल्या कारकुनाचं डोकं उठवलं. बून लेच्या एका फ्लॅटमध्ये सगळे दाटीवाटीने राहत होते. साहेब सगळ्यांना पहाटे उठवून ब्लॉकभोवती पळायला लावत, दाढ्या करायला लावत. मी म्हटलं, अहो, आता कशाला? तर म्हणाले, "माणूस दाढी करायचा थांबला की मग बाकीचं बी थांबतं." शेडगेच्या मनात मात्र काहीतरी थांबलंच होतं. त्याची बायको गावी आजारी होती, आणि त्याने घरी शाळा बुडाल्याचं अजून सांगितलं नव्हतं. रोज फोनवर तो तिला आज काय शिकवलं ते रचून सांगायचा. ते ऐकायला मी एकदा समोर होते. आग लागल्यावर यार्डातली माणसं कुठल्या दाराने बाहेर काढायची, हे तो इतक्या तपशिलाने सांगत होता की मलाही क्षणभर खरं वाटलं.

शेवटी बोर्ड हललं. बोर्डाचे एक सदस्य, निवृत्त कर्नल, त्याच सुमारास मुलीकडे सिंगापूरला आले होते, त्यांच्यावरच चौकशी सोपवण्यात आली. गृहस्थ उत्तरेकडचे, सभ्य, मोजकं बोलणारे. जबान्या हिंदीत होणार आणि बोर्डाला इंग्रजीत हव्या, म्हणून टाइप करायला मी तयार झाले आणि आमच्या काँडोची, म्हणजे सोसायटीची, फंक्शन रूम घेतली. त्याआधी कर्नलनी मला आणि साहेबांना समोर बसवून नियम समजावून सांगितला, तो असा. एखाद्याने चौकशी न करता कोर्स निवडला आणि तो भिकार निघाला, तर तो त्याचा निष्काळजीपणा, मदत वापरली असंच धरणार. संस्थेच्या माणसाने जाणूनबुजून खोटं सांगून फसवलं असेल तरच मदत पुन्हा मिळेल. आता संस्थेच्या पत्रकात नोकरीची हमी कुठेच नव्हती, तिथे फक्त 'सहकार्य केलं जाईल' असं होतं. नोकरी पक्की आहे हे पोरांना तोंडी सांगितलं होतं, आणि ते सांगणारा एकच माणूस होता.

"सुभेदार साहब, आप भी तो स्टुडंट थे," कर्नल म्हणाले. त्यांना वाचवायलाच ते म्हणाले असावेत. "आपने जो सुना, वही आगे बताया. आपको मालूम नहीं था."

साहेबांनी खिशातून ते कार्ड काढलं, शाळेचं बोधचिन्ह आणि आपलं नाव छापलेलं, आणि कर्नलसमोर टेबलावर ठेवलं.

मला तिथे बसल्या बसल्या सगळं लख्ख दिसलं. साहेबांना माहीत नव्हतं हे खरं, आणि ते खरंच राहिलं तर पोरांना काही मिळणार नव्हतं. मालक पळालेला. हाताला लागेल असा शाळेचा माणूस एकटा सुभेदार इंगवले. तो लबाड ठरला तरच पोरं फसलेली ठरणार होती.

बून लेला जाऊन साहेबांनी हे पोरांना सांगितलं तेव्हा पोरांनी साफ नकार दिला. आवाज चढवून नव्हे, ती जमात साहेबांसमोर आवाज चढवणारी नव्हतीच. पण एकेक जण म्हणाला, की साहेब आमच्यासारखेच फसले, आम्ही तेवढंच सांगणार. बोर्डाने नाही दिलं तर नाही दिलं, फाटकावर खुर्ची टाकून बसू. खटाव तर म्हणाला म्हणे, साहेबांनी फसवलं असं बोललो तर गावात बाप घरात घेणार नाही. मी हे ऐकलं आणि मला त्यांचा इतका राग आला! अरे मूर्खांनो, तुमचं उभं आयुष्य पडलंय पुढे! आणि त्याच वेळी, खरं सांगते, कौतुकही वाटलं. आमच्या ऑफिसात बॉसच्या मागे असं उभं राहणारा एक माणूस मला दाखवा.

रविवारी सकाळी मी त्यांना काँडोत घेऊन यायला बून लेला गेले. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, म्हातारे चिनी अंकल बुद्धिबळ खेळत बसले होते. साहेबांनी पोरांना तिथेच ओळीत उभं केलं. सगळे इस्त्रीत, शर्ट खोचलेले. साहेबांचा आवाज मी तोपर्यंत कधी चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही तो चढला नाही, पण वेगळा झाला. म्हाताऱ्यांनी सोंगट्या हातात तशाच धरून वर पाहिलं.

"कर्नलसाब इचारतील, सुभेदार इंगवलेला म्हाईत हुतं का. तुमी सांगायचं, व्हय, म्हाईत हुतं. जाणून फसवलं. त्याच्या पुढं न्हाई, मागं न्हाई."

मग शेडगे म्हणाला, "साहेब, हे आमच्या तोंडातनं निघायचं न्हाई."

"वडूज, मी तुला इचारत न्हाई. हुकूम हाय."

साहेब एकेकाच्या समोरून चालत गेले. एकाच्या कॉलरची घडी नीट केली. मग पुढे बोलले, आणि हे मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

"आणि ह्यो हुकूम आजच्यापुरता न्हाई. गावाकडं गेल्यावर, बायकोला, भावाला, मित्रांत बसल्यावर, हेच सांगायचं. एकानं जरी बदललं तरी सगळ्यांचं जाईल. मला फोन करायचा न्हाई, भेटाय यायचं न्हाई. माझ्याशी बोलला तर लोक म्हणतील मिलीभगत हुती. समजलं?"

त्या ओळीतून "जी साब" असं आलं. शेडगेचे ओठ हलले, आवाज आला नाही. साहेबांनी त्याच्यासमोर उभं राहून पुन्हा विचारलं. तेव्हा आला.

टॅक्सीत साहेब माझ्याबरोबर बसले आणि मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, ही शुद्ध खोटी जबानी आहे, आणि ती तुम्ही साध्यासरळ माणसांच्या तोंडी घालताय. उद्या गावात तुमचं काय होईल याचा विचार केलाय का? वहिनींचं काय? ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मॅडम, फायरचा हुकूम मी दिला की ती जबाबदारी माझी. पोरांची न्हाई. खोटं मी बोलतोय, ती फकस्त ऐकत्यात." आणि वहिनींचं? मी पुन्हा विचारलं. काँडोच्या दाराशी उतरताना त्यांनी माझ्या आधी उतरून दार धरलं.

जबान्या झाल्या. शेडगे आत आला तो सावधानमध्ये उभा राहिला, कर्नलनी दोनदा सांगितलं तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसला. नोकरी पक्की असल्याचं कुणी सांगितलं? सुभेदार इंगवले साब ने. कुणाच्या वतीने? स्कूल के तरफ से. त्यांना ठाऊक होतं का, की हे खोटं आहे? शेडगे माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत होता. तिथे काहीही नव्हतं. "हाँ साब." जानबूझ के? "हाँ साब." कर्नलनी चष्मा काढला, पुसला, माझ्याकडे पाहिलं. मी की-बोर्डकडे पाहिलं आणि टाइप केलं. पुन्हा वेळ आली तरी करीन. पोरांमागून पोरं आली आणि तीच दोन वाक्यं बोलून गेली. शेवटी कर्नलनी साहेबांना आत बोलावलं आणि तुम्हाला यावर काही सांगायचं आहे का, असं अगदी हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात विचारलं.

"नहीं साब. सब सही बोल रहे हैं."

कर्नल उठून उभे राहिले. आपल्यापेक्षा किती तरी खालच्या हुद्द्याच्या, लबाड ठरलेल्या माणसासाठी का उभे राहिले ते त्यांचं त्यांना माहीत. पण उभे राहिले, आणि साहेब सॅल्यूट करून बाहेर पडेपर्यंत बसले नाहीत.

पोरं गावी परतली, साहेबही परतले, आणि काही महिन्यांनी बोर्डाचा निर्णय आला. सगळ्यांची मदत पुन्हा बहाल. सुभेदार इंगवले यांची सोडून. त्यांच्याबद्दलचा शेरा त्यांच्या तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेपर्यंत पोचला आणि तिथून अर्थातच गावात. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्याला पहिली सलामी त्यांची असे, त्या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नाही. घरातली लग्नाला आलेली मुलगी, तिचं एक जमत आलेलं स्थळ मोडलं. वहिनींनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. हे मला साहेबांनी नाही सांगितलं, वहिनींनी एकदा फोनवर सांगितलं, आणि मग विचारलं, "तुमी तिथं हुता ना? ह्यांनी खरंच केलं का वं तसं?" साहेबांनी घरीदेखील तेच सांगितलं होतं. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता. त्या म्हणाल्या, जेवण करायचंय, ठेवते.

साहेब स्वतः मला अधूनमधून फोन करायचे. पोरांशी बोलायचं नाही हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता, म्हणून बातमीसाठी मी. आटपाडीने ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरचा कोर्स घेतला. जतने एक्स-रे टेक्निशियनचा. वडूज पुण्याजवळ इंडस्ट्रियल सेफ्टी शिकायला लागला, या वेळी मान्यता असलेल्या संस्थेत, मी स्वतः तिचे कागद तपासून दिले होते. प्रत्येक बातमीवर साहेब "बरं झालं" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. शेडगे पास होऊन एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर लागल्याचं मी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी फोन ठेवला नाही. मग ते म्हणाले, "त्याच्या बायकोला बरं वाटलं आसंल." एकदा मी न राहवून विचारलं, की साहेब, लोकांना सांगून टाकावंसं वाटत नाही? त्यावर ते किंचित हसले. "मॅडम, चौकी सोडून जेवाय जाता येत न्हाई." बस्स, एवढंच.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेले. हृदयविकाराचा झटका, तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ आटोपला होता. मला कळवलं शेडगेने. आमचं बोलणं जबानीनंतर फक्त त्याच्या कोर्सपुरतं झालेलं, पण त्या दिवशी तो तासभर बोलला. मरणाची बातमी त्याला कुठून तरी लागली आणि त्याने सगळ्यांना कळवलं. भेटायचं नाही हा हुकूम होता. पण मेलेल्या माणसाला भेटणं म्हणजे भेटणं नव्हे, असा त्यांनी आपसांत निकाल लावला आणि कुठून कुठून सगळे स्मशानात पोचले. संघटनेचं पुष्पचक्र नव्हतं, कुणी आलंही नव्हतं. गावातली थोडी माणसं, भावकी. हे सगळे एका बाजूला ओळीत उभे राहिले.

भावकीतला एक म्हातारा त्यांच्याकडे बघत होता. तो जवळ आला आणि शेडगेला म्हणाला, तुमीच का ती फसलेली पोरं? शेडगे हो म्हणाला. ह्यानंच फसवलं ना तुमाला परदेशात? मग आता कशाला आला? चितेजवळ वहिनी उभ्या होत्या. मुलगी होती. दोघींनी मान वळवून शेडगेकडे पाहिलं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"व्हय म्हणालो. जाणून फसवलं म्हणालो."

मी फोनवर ओरडलेच. म्हटलं, अहो, माणूस गेला! तुमचं सगळ्यांचं शिक्षण झालं, नोकऱ्या लागल्या, आता बोर्ड काय करणार आहे तुमचं? त्या बाईला तेवढं तरी ऐकू द्यायचं होतंत! निदान त्या पोरीला!

शेडगे रडत होता. मोठी माणसं आवाज दाबून रडतात तसा. म्हणाला, "हुकूम त्यांचा हुता, मॅडम. मागं घ्यायचा तर त्यांनीच घ्याय पायजे हुता. आता कोण घेणार?"

असल्या माणसांशी वाद घालता येत नाही. मी एवढंच विचारलं, की मग हे मी कुणाला सांगितलं, लिहिलं, तर चालेल का? मागे कारखान्याचा भोंगा वाजत होता.

"तुमी लायनीत नव्हता, मॅडम," तो म्हणाला.

नव्हते. म्हणून सांगते, वहिनी, सुभेदार इंगवलेंना काहीही माहीत नव्हतं.